धीर आणि कैवार : मराठी शास्त्रवचनांतील आश्वासनाची भाषा व राहुरीचा परिसर

‘धीर धर’ हे दोन शब्द मराठी भाषिक दोन अगदी निराळ्या प्रसंगी उच्चारतो. बाजाराला निघालेल्या बापाच्या मागे लागलेल्या मुलाला आई ‘जरा धीर धर’ म्हणते, तेव्हा ‘घाई करू नको, थांब’ एवढेच तिला सांगावयाचे असते. पुराने शेत धुऊन नेलेल्या शेतकऱ्याला शेजारी ‘धीर धर’ म्हणतो, तेव्हा ‘खचू नको, उभा राहा’ असा त्याचा अभिप्राय असतो. पहिल्या ठिकाणी धीर म्हणजे सबुरी, दुसऱ्या ठिकाणी हिंमत. दोहोंना नाम एकच, आणि क्रियापदही एकच. कोशकाराला ही गोष्ट किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु मराठी ख्रिस्ती समाजाने आपल्या पवित्र शास्त्रातून रोजच्या जगण्याला जो आधार मिळविला, त्याचे स्वरूप समजून घेणाऱ्याला ह्या अनेकार्थतेपाशी थांबणे भाग पडते. दुःखिताला ‘सोस’ म्हणणे आणि ‘ऊठ’ म्हणणे ह्यांत फार मोठे अंतर आहे. आणि मराठीतून शास्त्र ऐकणाऱ्याच्या कानी हे दोन्ही आदेश एकाच शब्दातून येत असत.

हा प्रश्न अमूर्तपणे चर्चिण्यापेक्षा एखादा भूभाग समोर ठेवून चर्चिणे अधिक इष्ट. पूर्वीच्या अहमदनगर, आणि २०२४ पासून अहिल्यानगर, जिल्ह्यातील राहुरी तालुका त्यासाठी अनेक दृष्टींनी सोयीचा आहे. राहुरी हे मुळा नदीकाठचे गाव. मुळा पुढे नेवाशाकडे जाऊन प्रवरेस मिळते, आणि नेवासे हे ज्ञानेश्वरीचे जन्मस्थान होय. राहुरी तालुक्यातच ताहराबाद येथे संतचरित्रकार महीपती (१७१५–१७९०) राहत होते. त्यांच्या ‘भक्तविजय’ व ‘भक्तलीलामृत’ ह्या ओवीबद्ध ग्रंथांनी भक्ताच्या हाकेला धावणाऱ्या देवाच्या कथा खेडोपाडी पोहोचविल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात ह्याच प्रदेशात अमेरिकन मराठी मिशनचे कार्य पसरले. १८३१ मध्ये अहमदनगर येथे मिशनचे ठाणे उघडले गेले आणि कालांतराने राहुरी हे त्याचे एक महत्त्वाचे केंद्र बनले. हेन्री बॅलंटाइन ह्यांचे पुत्र डॉ. विल्यम बॅलंटाइन हे वैद्यकीय कार्यासाठी राहुरीस असत. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) व लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) ह्या दांपत्याचाही संसार काही काळ राहुरीस होता. ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांना त्या वास्तव्याची ओळख आहेच. महीपतींच्या संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतर करून १९२६ पासून ती ग्रंथमाला रूपाने प्रसिद्ध करणारे जस्टिन अॅबट हेही ह्याच अमेरिकन मराठी मिशनचे. एकाच तालुक्याच्या मातीत भागवत परंपरेची शब्दसंपत्ती आणि ख्रिस्ती शास्त्राची शिकवण अशी शेजारी नांदली, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानात ठेवावयास हवी.

मूळ शब्दापासून आरंभ करणे योग्य होईल. नव्या करारात आश्वासन, उत्तेजन, प्रोत्साहन ह्या अर्थी येणारे प्रमुख ग्रीक क्रियापद ‘पाराकालेइन’ हे होय. ‘पारा’ म्हणजे जवळ, बाजूला. ‘कालेइन’ म्हणजे बोलावणे. एखाद्याला आपल्या शेजारी बोलावणे, किंवा त्याच्या शेजारी जाऊन त्याच्याशी बोलणे, हा त्याचा धात्वर्थ. त्यातून विनवणे, बजावणे, समजूत घालणे, धीर देणे असे अर्थ विकसित झाले. ग्रीक वाचकाला हे सर्व अर्थ एकाच शब्दाच्या कवेत दिसतात. मराठी भाषांतरकाराला तशी सोय नव्हती. त्यामुळे प्रचलित मराठी पवित्र शास्त्रात ह्या एका क्रियापदाची विभागणी झालेली आढळते. पौल रोमच्या मंडळीला आपला देह देवाला अर्पण करावयास सांगतो तेथे ते ‘विनवणे’ आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात एकमेकांशी प्रतिदिवशी काय करावे हे सांगितले आहे तेथे ते ‘बोध करणे’ आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या प्रारंभी देवाला ‘सांत्वनदाता’ हे विशेषण लाभले आहे. प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकात बर्णबा ह्या नावाची फोड ‘बोधपुत्र’ अशी केली आहे.

ह्या विभागणीची किंमत मोजावी लागली, असे म्हणणे अवास्तव होणार नाही. ‘बोध’ हा शब्द मराठीत वरून खाली येतो. गुरू शिष्याला बोध करतो, कीर्तनकार श्रोत्यांना करतो. शेजारीण शेजारणीला बोध करीत नाही, आणि केला तर तिला ते आवडत नाही. उलट मूळ वाक्यात भर आहे तो ‘एकमेकांना’ आणि ‘प्रतिदिवशी’ ह्या दोन शब्दांवर. विहिरीवर, बांधावर, आजाऱ्याच्या उशाशी बरोबरीच्या माणसांनी परस्परांशी बोलण्याची ती क्रिया आहे. ‘बोध’ शब्दाने ती नकळत व्यासपीठावर नेऊन बसविली. ‘सांत्वना’चेही असेच. मराठीत सांत्वनाला माणसे जातात ती मृत्यू घडलेल्या घरी. रोजच्या कष्टाने थकलेल्याचे कोणी सांत्वन करीत नाही. म्हणजे ‘बोध’ फार उंच पडला आणि ‘सांत्वन’ फार अरुंद. रोजच्या आयुष्याच्या मधल्या विस्तीर्ण पट्ट्यासाठी बोलभाषेतला शब्द उरला तो धीर.

येथे भाषांतराच्या इतिहासाकडे धावती दृष्टी टाकणे पुरे आहे. विल्यम कॅरी ह्यांनी श्रीरामपूर येथून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व मत्तयाचे शुभवर्तमान, आणि १८११ मध्ये नवा करार प्रसिद्ध केला. परंतु बंगालमध्ये बसून केलेल्या त्या मराठीचा दख्खनमध्ये फारसा उपयोग झाला नाही. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांचा नवा करार १८२६ मध्ये निघाला, संपूर्ण शास्त्र १८४७ मध्ये. त्यानंतर वेळोवेळी सुधारणा होत गेल्या. हाच मोल्सवर्थच्या कोशाचा काळ होय (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७). शास्त्राचे भाषांतर व कोशरचना ही दोन कामे एकाच पिढीत, बहुधा एकमेकांच्या परिचयातील माणसांकडून चालली होती, आणि दोन्हींत शास्त्री-पंडितांचे साहाय्य होते. ‘कष्टी’ ह्या घरगुती शब्दाशेजारी ‘भाराक्रांत’ हा घडीव समास बसलेला मत्तयाच्या शुभवर्तमानात आढळतो, त्याचे मूळ ह्या सहकार्यात शोधावे लागेल. डोक्यावर ओझे वाहणाऱ्याला ‘भाराक्रांत’ हा शब्द समजावून सांगावा लागतो. ‘कष्टी’ लागत नाही. मात्र पुन्हापुन्हा ऐकून हा समासही ख्रिस्ती घरांतून रुळला आणि अर्थ न कळताही ओळखीचा झाला, ही भाषेची नेहमीची किमया होय.

आता ‘धीर’. संस्कृतात धीर हे विशेषण आहे : स्थिर, खंबीर असा त्याचा एक अर्थ आणि बुद्धिमान असा दुसरा. भाववाचक नाम हवे असल्यास संस्कृत ‘धैर्या’कडे वळते. मराठीने विशेषणाचेच नाम केले आणि मग त्या नामाभोवती क्रियापदांचे एक छोटे कुटुंब उभे केले. धीर येतो, सुटतो, खचतो. धीर दिला जातो, धरला जातो, एकवटला जातो. ह्यातील वाक्यरचना पाहण्यासारखी आहे. ‘मला धीर आला’ ह्या वाक्यात धीर हा कर्ता आहे आणि माणूस चतुर्थीत आहे. राग, झोप, भूक ह्यांप्रमाणे धीरही माणसाकडे बाहेरून येतो. ‘मी धीर धरला’ असे म्हणताना माणूस कर्ता होतो खरा, परंतु धरावयाची वस्तू आधी हाताशी आलेली असावी लागते. देणारा, येणारा आणि धरणारा अशी ही तीन टप्प्यांची व्यवस्था आहे. ग्रीक ‘थार्सेइ’ ह्या एका क्रियापदात ही व्यवस्था नाही. ‘धीट हो’ असा त्याचा सरळ आदेश आहे. मराठीत तो आदेश येताच त्याच्या पोटी ‘कोणीतरी देत आहे’ हा अर्थ आपोआप शिरला. कृपा आधी, कृती नंतर, हे ख्रिस्ती ईश्वरविद्येतील सूत्र मराठीच्या चतुर्थीने, भाषांतरकाराच्या प्रयत्नाशिवायच, उचलून धरले.

परंतु त्याबरोबर दुसरी एक गोष्टही घडली. नव्या करारात ‘ह्युपोमोने’ असा आणखी एक शब्द आहे. भाराखाली टिकून राहणे, सोशिकपणा, चिकाटी हा त्याचा अर्थ. याकोबाच्या पत्रात ईयोबाची म्हणून जी आठवण काढली आहे ती ह्या गुणाची. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात संकटातून जो गुण उपजतो म्हणून सांगितले आहे तोही हाच. मराठीत ह्या सर्व ठिकाणी शब्द आला तो पुन्हा ‘धीर’. म्हणजे ग्रीकमध्ये ज्या दोन शब्दांची कुळे वेगळी, एक भीतीविरुद्ध उभे राहण्याचे आणि दुसरे ओझ्याखाली टिकण्याचे, ती मराठीत एका शब्दात विलीन झाली. जुन्या करारात हे विलीनीकरण झाले नाही. यहोशवाला मोशेच्या मागे नेतृत्व घ्यावयाचे असते, तेव्हा देव त्याला जे पुन्हापुन्हा बजावतो त्यासाठी मराठी भाषांतराने ‘खंबीर’ आणि ‘हिंमत’ हे शब्द योजिले. ‘हिंमत’ हा अरबी-फारसीतून आलेला, मराठेशाहीत घोड्यावर बसून हिंडलेला शब्द. त्याला सबुरीचा वासही नाही.

ह्या ठिकाणी एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो, आणि तो टाळून पुढे जाणे उचित नव्हे. राहुरी परिसरातील ज्या कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांतील बहुसंख्य पूर्वाश्रमीची महार व मांग समाजातील होती. वेठ, वतनी कामे, गावकुसाबाहेरचे राहणे हे त्यांचे रोजचे आयुष्य. त्यात १८७६–७८ आणि १८९९–१९०० चे दुष्काळ. मिशनने ह्या दुष्काळांत अनेक अनाथ मुलांना आश्रय दिला. अशा माणसांना ‘धीर धरा’ म्हणून सांगणारे शास्त्र त्यांना सोसावयास शिकवीत होते, की उठावयास? धर्म हा अन्याय गिळावयास लावणारा गोडवा आहे, असा आरोप अनेक विचारवंतांनी केला आहे. आणि शब्दाचा अर्थ केवळ ‘सबुरी’ असता तर तो आरोप येथे निरुत्तर करणारा ठरला असता.

उत्तर शब्दकोशात मिळत नाही. शब्द ज्या कथांतून येतो त्या कथांत मिळते. मत्तयाच्या शुभवर्तमानात खाटेवरून आणलेल्या पक्षाघाती माणसाला येशू प्रथम धीर धरावयास सांगतो. कथा तेथे संपत नाही. काही वाक्यांनंतर त्याच माणसाला ‘ऊठ’ अशी आज्ञा होते आणि तो आपली खाट उचलून घरी जातो. मार्कच्या शुभवर्तमानात यरीहोच्या वाटेवर बसलेला बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी आहे. तो ओरडू लागतो तेव्हा लोक त्याला गप्प बसण्यास दटावतात. येशू थांबतो आणि त्याला बोलावतो. मग तेच लोक त्याला धीर धरावयास व उठावयास एका दमात सांगतात. हा प्रसंग बारकाईने पाहण्याजोगा आहे. गप्प बसविणारी आणि धीर देणारी माणसे एकच आहेत. मधे फक्त एवढेच घडले आहे की, ज्याच्याकडे कोणी पाहत नव्हते त्याला कोणीतरी हाक मारली आहे. ह्या कथांत धीर आणि उठणे ह्यांचा असा सांधा जुळलेला असल्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात शब्दाचा सबुरीचा अर्थ एकट्याने राज्य करू शकत नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरतो, हे भाषाशास्त्राचे प्राथमिक तत्त्व येथे आचारधर्माचे तत्त्व बनते.

‘भिऊ नको’ आणि ‘भिऊ नका’ ह्यांचाही ह्याच संदर्भात विचार करावयास हवा. इंग्रजी आज्ञार्थात एकवचन व अनेकवचन ह्यांचा भेद दिसत नाही. हिब्रूत तो आहे (‘अल-तीरा’, ‘अल-तीरू’), ग्रीकमध्ये आहे (‘मे फोबू’, ‘मे फोबेइस्थे’), आणि मराठीतही आहे. मरियेला देवदूत एकवचनी बोलतो, रानातील मेंढपाळांना अनेकवचनी. ह्या बाबतीत मराठी भाषांतर मुळाच्या इंग्रजीपेक्षा अधिक निकट आहे. परंतु मराठीत ‘नको’ केवळ वचन दाखवीत नाही. ते पायरीही दाखविते. गावगाड्यात अस्पृश्य मानलेल्या वृद्धालाही पाटलाचे पोर अरे-तुरे करीत असे. म्हणजे ‘तू’ हा अपमानाचा शब्द होता. त्याच वेळी आई मुलाला ‘तू’ म्हणते आणि भक्त विठोबाला ‘तू’ म्हणतो. तेथे तो जिव्हाळ्याचा परमावधी आहे. शास्त्रातील ‘भिऊ नको’ हे ह्यांपैकी कोणते, हे व्याकरण सांगू शकत नाही; बोलणारा कोण ह्यावरून ते ठरते. अपमानाच्या ‘तू’ची सवय झालेल्या कानाला तोच ‘तू’ मायेने उच्चारलेला ऐकू येणे, ह्यात जे आश्वासन आहे ते ‘आपण’ वापरून साधले नसते. मराठी शास्त्रातील कथनात येशूचा उल्लेखही बहुधा ‘तो’ असा एकेरी येतो, आणि विठोबाला ‘तो’ म्हणणाऱ्या समाजाला त्यात वावगे काही वाटले नाही.

ह्याच घरगुतीपणाचे दुसरे उदाहरण म्हणजे ‘भाकर’. प्रभूच्या प्रार्थनेत रोजच्या अन्नासाठी जी विनंती आहे, तिच्यातील ग्रीक ‘आर्तोस’ म्हणजे भट्टीत भाजलेला गव्हाचा किंवा जवाचा पाव. त्याला लागलेले ‘एपिऊसिओस’ हे विशेषण नव्या करारात ह्या प्रार्थनेखेरीज अन्यत्र आढळत नाही, आणि त्याच्या अर्थाबद्दल विद्वानांत आजवर वाद आहे : आजची, उद्याची, की जगण्यापुरती? मराठीने ह्या वादात न शिरता ‘रोजची भाकर’ म्हटले. पाव ही वस्तू पोर्तुगीजांबरोबर आलेली, शहराची. भाकर तव्यावरची, ज्वारी-बाजरीची. ज्या प्रदेशात पावसाने दगा दिला की पहिली चिंता भाकरीची असते, तेथे ही प्रार्थना अलंकारिक राहू शकत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःलाच भाकर म्हणवितो आणि प्रभुभोजनात भाकर मोडली जाते. तेव्हा हा शब्द चुलीपासून वेदीपर्यंतचा प्रवास करतो, परंतु चुलीशी नाते तोडीत नाही. मुळा धरणाच्या कालव्यांनी राहुरीचा बराच भाग आज उसाचा झाला आहे आणि १९६८ पासून महात्मा फुले कृषी विद्यापीठही तेथे आहे. तरी प्रार्थनेतील शब्द भाकर हाच आहे.

धीर कोणी तरी देतो, असे वर म्हटले. तो देणारा कोण, ह्याला मराठी शास्त्राने दिलेला शब्द म्हणजे ‘कैवारी’. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटल्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांना दुसऱ्या एका साहाय्यकाचे, सत्याच्या आत्म्याचे, अभिवचन देतो. मूळ शब्द ‘पाराक्लेतोस’, वर आलेल्या ‘पाराकालेइन’चाच सोयरा : ज्याला शेजारी बोलाविले आहे असा. न्यायसभेत आरोपीच्या बाजूने उभा राहणारा, असाही त्याचा व्यवहारातला अर्थ होता. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने शुभवर्तमानात ह्याला सांत्वन करणारा म्हटले आणि योहानाच्या पहिल्या पत्रात वकील म्हटले. एका शब्दाचे दोन तुकडे झाले. प्रचलित मराठी भाषांतरात दोन्ही ठिकाणी ‘कैवारी’ आहे. पाराकालेइनच्या बाबतीत जी एकता मराठीला राखता आली नाही, ती पाराक्लेतोसच्या बाबतीत तिने इंग्रजीपेक्षा चांगली राखली, असे निःशंकपणे म्हणता येईल.

आणि हा शब्द नवा घडविलेला नव्हता. दीनांचा कैवारी, अनाथांचा कैवारी ही विठ्ठलाची बिरुदे वारकरी परंपरेत घरोघर परिचित होती. महीपतींच्या कथांतील देव हा व्यवहारतः कैवारीच आहे. तो भक्ताला उपदेश करून थांबत नाही. त्याच्यासाठी गुरे राखतो, दळण दळतो, त्याची बाजू घेऊन दरबारात उभा राहतो. ताहराबादच्या आसपास वाढलेल्या माणसाला ‘कैवारी’ म्हणजे काय हे सांगावे लागत नव्हते. नवे होते ते हे की, ज्यांना देवळाच्या पायरीपर्यंतही जाता येत नव्हते त्यांना हा कैवारी आपल्या वस्तीतील प्रार्थनेच्या ओसरीवर भेटत होता. गावच्या न्यायात ज्याची बाजू मांडणारा कोणी नाही, त्याला ‘सांत्वन करणारा’ मिळणे आणि ‘कैवारी’ मिळणे ह्यांतील भेद विद्वानांपेक्षा त्यालाच अधिक कळत असावा. हाच शब्द पुढे ब्राह्मणेतर चळवळीत दिनकरराव जवळकर ह्यांच्या वृत्तपत्राचे नाव झाला, हा निव्वळ योगायोग मानण्याचे कारण नाही. कैवाराची भूक सर्वत्र होती. ख्रिस्ती झाल्याने ती पूर्णपणे भागली, असेही समजू नये. धर्मांतरानंतरही जातीचे जुने शिक्के पुष्कळदा कायम राहिले, आणि मंडळीच्या आतही ते सर्वस्वी पुसले गेले नाहीत.

शास्त्र वाचता येणाऱ्यांची संख्या आरंभी फार थोडी होती. म्हणून ही शब्दसंपत्ती लोकांपर्यंत पोहोचली ती मुख्यतः कानावाटे, आणि त्यात गीतांचा वाटा मोठा. हेन्री बॅलंटाइन ह्यांच्या पिढीने पुष्कळ इंग्रजी गीते पाश्चात्त्य चालींवर मराठीत आणली. हेतू स्तुत्य होता. पण मराठीत इंग्रजीसारखा ठळक आघात नाही, मराठी पद्य अक्षरसंख्येवर किंवा मात्रांवर चालते. पाश्चात्त्य चालीचा ठोका पुष्कळदा नेमका दुर्बळ अक्षरावर पडतो आणि ओळखीचा शब्द परका वाटू लागतो. परका वाटणारा शब्द धीर देत नाही. कृष्णराव सांगळे व अन्य मराठी ख्रिस्ती कवींनी आणि ख्रिस्ती कीर्तनकारांनी देशी चाली व कीर्तनाचा साचा स्वीकारून हा अडसर दूर करण्यास प्रारंभ केला. टिळकांच्या हाती ते काम पूर्णत्वास गेले.

टिळकांचा शास्त्राशी संबंध आला तोच मुळी नित्यवाचनातून. राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि रोज थोडे वाचण्याचे वचन त्यांच्याकडून घेतले. मत्तयातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी येताच ते त्यात गुंतून पडले. १८९५ मध्ये मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. ही उक्ती बहुधा भावनिक अर्थाने घेतली जाते. वस्तुतः ती भाषिक अर्थानेही खरी आहे. अभंग व ओवी हे छंद, एकेरी संबोधन, देवाशी भांडण्याची मुभा आणि स्वतःच्या दुबळेपणाची निःसंकोच कबुली हे सर्व त्यांना त्या सेतूवरच मिळाले होते. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ ह्या संग्रहात त्यांच्या गीतांचा वाटा फार मोठा आहे. मुखपाठ झालेले असे गीत दळताना, खुरपताना, आजाऱ्याजवळ बसताना म्हणता येते. इब्री लोकांच्या पत्रातील ‘प्रतिदिवशी एकमेकांना’ ही अट, जी ‘बोध’ शब्दाने पुरी होत नव्हती, ती अभंगाने पुरी केली.

गीताच्या जोडीला ‘वचन’ होते. रविवारच्या शाळेत मुलांकडून पाठ करून घेतल्या जाणाऱ्या वाक्याला ‘सुवर्णवचन’ म्हणतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी मराठी भाषांतराने ‘शब्द’ वापरला. परंतु रोजच्या ख्रिस्ती बोलण्यात देवाचा शब्द म्हणजे ‘वचन’. मराठीत वचन म्हणजे उच्चारलेले वाक्य आणि वचन म्हणजे दिलेली हमी. वचन ऐकता येते, तसे ते पाळता व मोडताही येते. त्यामुळे सकाळच्या कौटुंबिक उपासनेत वाचलेले एखादे वाक्य मराठी कुटुंबाला केवळ उपदेश म्हणून पुरत नाही. ते देवाने दिलेले आणि म्हणून देवाकडे मागता येण्याजोगे ठरते. आजारपणात, कर्जात, परीक्षेच्या काळात ‘हे वचन मिळाले’ असे ख्रिस्ती माणूस म्हणतो, त्यातील ‘मिळाले’ हे क्रियापद ह्या हमीच्या अर्थाची साक्ष देते. धीर येतो आणि वचन मिळते. दोन्ही वाक्यांत माणूस घेणारा आहे.

शास्त्राची मराठी अधिक सोपी करण्याचा सर्वांत मोठा एकहाती प्रयत्न पंडिता रमाबाईंचा. मूळ हिब्रू व ग्रीक अभ्यासून, केडगावच्या मुक्ती सदनातील अल्पशिक्षित स्त्रियांना कळावे म्हणून त्यांनी संपूर्ण शास्त्राचे भाषांतर केले. मृत्यूपूर्वी (१९२२) ते हातावेगळे झाले आणि १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अक्षरजुळणीचे काम सदनातील स्त्रियांनीच केले. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या विदुषीने जाणूनबुजून संस्कृतप्रचुरता टाळावी, ही घटना मराठी गद्याच्या इतिहासात जितकी नोंदली जावयास हवी तितकी नोंदली गेलेली नाही. मंडळ्यांत मात्र जुनेच भाषांतर, सुधारून का होईना, टिकून राहिले. पाठ झालेला शब्द सोप्या शब्दाला सहसा जागा देत नाही.

राहुरीच्या संदर्भात शेवटी लक्ष्मीबाईंकडे वळावे लागते. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात त्यांच्या मनातील सोवळे-ओवळे कसे गळत गेले, हे ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी सांगितले आहे, ते कोणत्याही शास्त्रीय परिभाषेवाचून. शाळेचे शिक्षण नसलेल्या ह्या लेखिकेच्या गद्यात ‘सांत्वन’ आणि ‘बोध’ शोधावेच लागतात. दुष्काळ, प्लेग, दारिद्र्य, वियोग ह्या सर्वांचे कथन त्या बोलभाषेत आणि बव्हंशी हसत करतात. ईश्वरविद्येच्या ग्रंथांनी श्रद्धेची जी व्याख्या केली, तिच्यापेक्षा हे हसणे धीराची अधिक विश्वसनीय साक्ष देते. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या चरित्राचे महाकाव्य आरंभिले होते. १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने ते अपुरे राहिले. ज्या पत्नीला त्यांनी स्वतः अक्षरओळख करून दिली होती, तिने ते ओवीबद्धच पुढे नेऊन पुरे केले.